टपावर सुकी मासळी, वाट मेळघाटची

मेळघाटात लोक वाघ बघायला जातात. आम्ही सासू-सून तिथे सुकी मासळी पोचवायला गेलो. निदान निघताना माझी तरी तशीच समजूत होती.

माझी नणंद वैशाली तिकडच्या एका आदिवासी गावात आरोग्य केंद्रात नर्स आहे. नोकरी लागली तेव्हा वर्षभर काढून बदली करून घेईन म्हणाली होती. वर्षं गेली, बदलीचं नाव नाही. मग एप्रिलमध्ये तिने फोनवर सांगितलं की केंद्राच्या रुग्णवाहिकेवर सुखदेव नावाचा ड्रायव्हर आहे, तिथलाच, कोरकू समाजाचा, आणि तिला त्याच्याशी लग्न करायचं आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि तांदूळ निवडायला बसल्या. दोन-तीन दिवस त्यावर अवाक्षर काढलं नाही. मग एका सकाळी म्हणाल्या, "आगोट जवल आली. पोरीला सुकी मासली नेऊन द्यायची हाय. तू गाडी काढ."

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचे दिवस. बोटी बंद होण्याआधी वर्षाचं सुकं भरून ठेवायचं, ही आमच्याकडची पद्धत. सासूबाईंचं माहेर उरणजवळचं करंजा, सासरे होते बोट चालवणारे तांडेल, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने आगोटीला घरात सोडे-बोंबील नसणं म्हणजे घरात पाणी नसण्यासारखं.

शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. मी नवीन पनवेलला चित्रकला शिकवते. नवरा, प्रशांत, बंदरात कामाला. त्याची रजा मंजूर झाली नाही. गाडी मात्र दारात उभी होती. आमची जुनी फोर बाय फोर जीप मी त्याच्यापेक्षा जास्त चालवते. राहिला प्रश्न मासळीचा. मे महिन्याच्या उन्हात सुकी मासळी गाडीच्या आत ठेवायची तर पहिल्या टोलनाक्यापर्यंतसुद्धा आम्ही तग धरला नसता. ती टपावरच्या कॅरिअरवर जायला हवी होती. प्रशांत उंच आहे, चाकावर पाय देऊन तो सहज वर जातो. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही.

म्हणून शिडी.

कळंबोली

आमच्या खांदा कॉलनीतून कळंबोलीला जायला वेळ लागत नाही. लोखंडबाजाराच्या मागे ट्रकच्या बॉड्या बांधणारी गॅरेजं आहेत, तिथे अस्लमभाईंकडे आम्ही गेलो. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. अस्लमभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या दारावर स्टेपनी होती, शिवाय दार उघडायला हवं, म्हणून शिडी दाराला न लावता मागच्या बाजूला, डाव्या अंगाला बसवायची असं ठरलं. खाली बंपरला आधार, वर कॅरिअरला.

"मॅडम, गोल पाईपची करतो. एकदम चकाचक. गाडीची शान वाढेल," अस्लमभाई म्हणाले.

"गोल नगो," सासूबाई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या. "पाय सरकंल. चपट्या पट्ट्या लाव. नि दोन पायऱ्यांमदी एवरं अंतर नगो. मना पाय टाकता आला पायजे."

अस्लमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खाला, तुम्ही कशाला चढताय? या चढतील ना."

"मासली माजी हाय," सासूबाई म्हणाल्या.

यावर अस्लमभाईंनी सलाम केला आणि पायऱ्या जवळ जवळ घेतल्या. वर खडबडीत पत्र्याची पट्टी लावली. काळा रंग दिला. गाडी मागून जरा फायर ब्रिगेडची वाटू लागली, पण मला ती बेहद्द आवडली. संध्याकाळी कॉलनीत मी विनाकारण चार वेळा वर जाऊन आले. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या गाडीचं टप वरून दिसलं. त्याच्यावर एक वाळलेला पेरू होता, तो कधीपासून आमच्याबरोबर फिरत होता कोण जाणे.

मासळी घ्यायला करंजाला गेलो. धक्क्याजवळ सासूबाईंच्या भावजयीने आधीच सगळं काढून ठेवलं होतं: सोडे, बोंबील, जवळा, थोडी वाकटी. गोण्या प्लास्टिकमध्ये बांधून मी वर चढवल्या. बरोबर आंब्यांच्या दोन पेट्या. कॅरिअरचा पुढचा अर्धा भाग भरला. मागे अजून पुष्कळ जागा होती. मी आणखी तांदळाची गोणी घालू का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "नगो. तेवरी जागा राऊ दे." दोरीचा एक जास्तीचा गुंडाळाही त्यांनी सीटखाली टाकला. मला वाटलं, येताना तिकडची संत्री आणायची असतील. मे महिन्यात संत्री नसतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

समृद्धीवर

भिवंडीच्या पुढे समृद्धी महामार्गाला लागलो आणि मग सांगण्यासारखं फारसं काही उरलं नाही. सरळ, पांढरा, तापलेला रस्ता. सासूबाईंना तो अजिबात पटला नाही. "ह्या रस्त्याला मानसंच नायत," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आमच्याकडे घरातून निघालं की वळणावर कुणीतरी हटकतंच, कुठं चाललात म्हणून.

जेवायला एका शुद्ध शाकाहारी ढाब्यावर थांबलो. जीप सावलीत लावते न लावते तोच मालक बाहेर आला. त्याने वर पाहिलं, हवा हुंगली, आणि हात जोडून म्हणाला, "ताई, गाडी जरा तिकडं, लिंबाखाली लावता का? गिऱ्हाईक उठून चाललंय." आम्ही मुकाट्याने लिंबाखाली गेलो. मालक भला माणूस होता. शेवभाजी आणि भाकरी त्याने स्वतः तिथे आणून दिली. ती भाजी इतकी झणझणीत होती की सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण पातेल्यात काही उरलं नाही.

वाशिम जिल्ह्यात त्यांना डुलकी लागली होती. अचानक त्या ताठ झाल्या. "अगो, थांब! पाटी बग!"

पाटीवर लिहिलं होतं, कारंजा.

"आमचं करंजा हितं कसं आलं?"

मी सांगितलं की हे वेगळं गाव, कारंजा लाड. त्यांनी बाहेर नजर टाकली. दोन्ही बाजूंना उन्हाने भाजून निघालेली काळी जमीन, लांबवर एक बाभूळ.

"हितं समुद्र कुटं हाय?"

"नाही आई. इथून समुद्र फार लांब."

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. "नि वैशाली याच्याबी पुडं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. रात्री परतवाड्याच्या लॉजवर मुक्काम केला. झोपण्याआधी त्यांनी खिडकी उघडून खालच्या गाडीवरच्या गोण्या जागेवर आहेत ना, ते पाहिलं.

घाटात

सकाळी परतवाड्याहून निघालो. थोड्या वेळातच रस्ता डोंगरात शिरला आणि हवा बदलली. मे महिन्यात सागाची पानं झडलेली असतात, सगळा डोंगर तांबूस-करडा दिसतो, आणि मधेच एखादं झाड नव्या पालवीने हिरवंगार. आमच्या कोकणातल्या डोंगरासारखं हे रान अंगावर येत नाही. आरपार दिसतं. वाटेत बायका डोक्यावर तेंदूपानांचे भारे घेऊन चाललेल्या. आमची गाडी बघून त्या थांबायच्या, आणि नाकाला पदर लावून हसायच्या.

घाट चढून गेल्यावर एका वळणावर मोकळी जागा दिसली. पाय मोकळे करायला मी गाडी थांबवली. मी पाण्याची बाटली काढेपर्यंत मागून धपधप आवाज आला. काळ्या तोंडाची वानरं! पहिलं झाडावरून टपावर उडी मारून आलं. बाकीची शिडीने, अगदी रीतसर, एकामागून एक वर चढली. अस्लमभाईंच्या जवळ जवळ घेतलेल्या पायऱ्या त्यांना फारच सोयीच्या पडल्या.

त्यांना आंबे हवे होते, पण मासळीची गोणी आधी हाताला लागली. एका मोठ्या वानराने ती फाडली, एक बोंबील काढला, वास घेतला आणि ज्या तिरस्काराने तो रस्त्यावर भिरकावला, तसा तिरस्कार मी आमच्या सोसायटीच्या शाकाहारी अध्यक्षांच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही. मग दुसरा. मग मूठभर. बोंबलांचा पाऊस पडू लागला.

"मेल्यांनो!" सासूबाई ओरडल्या. आणि मी काही म्हणायच्या आत छत्री काखेत मारून त्या शिडी चढल्या. नऊवारीचा काष्टा, वय सत्तरीकडे झुकलेलं, पण भरभर वर. छत्री फटाफट उघडून-मिटून त्यांनी अख्खी टोळी पळवली. दोन आंबे गेले, बाकीचे वाचले. मी खाली टाळ्या वाजवल्या.

मग त्या उतरायला वळल्या आणि तिथेच थांबल्या.

"सुजाता, गुडगा वाकत नाय गो."

चढताना त्यांना आपल्या जुन्या गुडघेदुखीचा विसर पडला होता. आता पाय खाली सोडला की पायरी सापडेना आणि कळ डोक्यात जाई. मी शिडीवर चढून त्यांची पोटरी धरायचा प्रयत्न केला, तर त्या एवढ्या जोरात किंचाळल्या की मीच पडणार होते. फोनला रेंज नव्हती. ऊन चढत होतं. त्या वर आंब्याच्या पेटीवर छत्री उघडून बसल्या, आणि मी खाली बोंबील गोळा करत त्यांना धीर देत राहिले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. इतक्या लांब, अशा रस्त्यावर मी यांना कोणाच्या भरवशावर घेऊन आले, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात समोरून मोटारसायकल आली. सावळा, काटक, तिशीतला माणूस. गाडीचा नंबर बघून तो थांबला. मग त्याने वर पाहिलं आणि घाईघाईने चप्पल काढून नमस्कार केला.

"मी सुखदेव. तुमाले उशीर झाला म्हणून सिस्टरनं पाठवलं मले."

टपावरची छत्री जरा कलली. मग छत्रीखालून आवाज आला, "मी वैशालीची आय."

"वळखलं मावशी. सिस्टरनं फोटो दाखवला होता."

"फोटोत मी अशी टपावर बसली व्हती काय?"

त्याला हसावं की नाही कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं, मी गुडघ्याचं सांगितलं. तो शिडीशी गेला. "मावशी, हात धरू का? उतरून घेतो हळूहळू."

"नगो. आदी तू वर ये. बोलायचं हाय."

तो चढला आणि फाटक्या गोणीशेजारी मांडी घालून बसला. होणारी सासू आणि होणारा जावई माझ्या डोक्यावर बसून बोलू लागले आणि मी खाली, हातात बोंबील घेऊन, श्वास रोखून ऐकत राहिले.

"दवाखान्याची गाडी चालवतोस ना?"

"हो."

"तुज्या गाडीत कोन मेलंय काय?"

हा काय प्रश्न झाला! सुखदेवने फाटक्या गोणीचं तोंड नीट मुडपलं.

"एक बाई," तो म्हणाला. "मागच्या पावसात. नाल्याले पूर होता, पाणी उतरेपर्यंत थांबा लागलं. सिस्टर संगं होती. लई कोशिश केली तिनं."

"मंग? दुसऱ्या दिशी गाडी काढलीस?"

"काढली. दुसऱ्या गावात बाई अडली होती."

"भ्या नाय वाटलं?"

"वाटलं. अजून बी वाटते, मावशी. पाऊस आला का वाटतेच."

सासूबाई छत्रीची मूठ फिरवत राहिल्या. "वैशालीच्या बापाला पन वाटायचं," त्या म्हणाल्या. "आमाला कदी बोल्ला नाय. पन मना कलायचं." मग आवाज बदलून, "नि काय रं, लगीन झाल्यावर पन तिला सिस्टरच बोलवशील काय?"

मी इतक्या मोठ्याने हसले की गोळा केलेले बोंबील पुन्हा सांडले. सुखदेवने मान खाली घातली, पण त्याचे कान हसत होते.

उतरताना तो आधी शिडीवर आला. तोंड गाडीकडे करा म्हणाला, आणि त्यांची टाच तळहातावर घेऊन एकेका पायरीवर ठेवत गेला. पाय परक्या माणसाच्या हातात द्यायला त्या आधी संकोचल्या. मग दिला.

गाव

डांबरी संपून दगडगोट्यांची वाट लागली, एक कोरडा नाला आडवा आला. तोच तो नाला, हे सुखदेवने सांगितलं नाही, पण त्याने मोटारसायकल हळू केली तेव्हा मला कळलं. मी जीप खालच्या गिअरमध्ये टाकून पार केली. पलीकडे गाव. आमच्या कोळीवाड्यात घरं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असतात. इथे दोन सरळ रांगा समोरासमोर, मधे रुंद झाडलेला रस्ता, भिंती शेणमातीने सारवलेल्या.

वैशाली केंद्रातून धावत बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली. मग तिची नजर गाडीवर गेली. नवी शिडी, कॅरिअरची अर्धी रिकामी जागा, सीटखालून बाहेर आलेली दोरी. तिने मला बाजूला ओढलं.

"वहिनी, खरं सांग. आई माझं सामान न्यायला आलीय?"

"छे, काहीतरीच," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात सगळं आलं.

संध्याकाळी उजेड असतानाच सुखदेवच्या घरी गेलो. त्याचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, प्रवासाची चौकशी केली आणि मग सरळ विचारलं, "तुमी पोरीले न्यायले आल्या का, बाई? गाडी मोठी आणली म्हणून गाव म्हणते."

वैशाली जमिनीकडे बघत होती.

"न्यायलाच आलेली," सासूबाई म्हणाल्या. "टपावर जागा ठेवली, दोरी आनली. माजी पोरगी समुद्राकाठची. तिला एवऱ्या लांब, ओलखीच्या मानसाबगर ठेवून मी मरू कशी?"

"मंग?"

"मंग वाटंत तुमच्या पोराला इचारलं. तो खोटं नाय बोल्ला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मना बोल्ला असता, भ्या वाटत नाय, तर मी तिला आजच घेऊन गेली असती."

वैशाली रडायला लागली. सुखदेवच्या आईला मराठी कळत नाही. तिने मुलाला त्यांच्या भाषेत विचारलं, काय झालं म्हणून. त्याने सांगितलं. ती म्हातारी उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. ती वाटीभर कोमट तेल घेऊन बाहेर आली, मोहाच्या बियांचं, सासूबाईंसमोर बसली आणि सरळ त्यांचा गुडघा मांडीवर घेऊन चोळायला लागली. सासूबाई "अगो, नगो, नगो" करत राहिल्या, आणि दोन मिनिटांत त्यांचे डोळे मिटले.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि आमचा जवळा. तो सुखदेवच्या घरच्यांनी केला होता त्यांच्या पद्धतीने, कोकम नाही, खोबरं नाही, नुसता लाल मिरची-लसणात परतून. सासूबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

पुढचे दिवस फार छान गेले. आठवडी बाजारात सुकटीचा एक व्यापारी बसला होता. त्याचा माल हातात घेऊन सासूबाईंनी त्याला असं काही झापलं की बाजार गोळा झाला. "ही मासली हाय का केर?" त्यानंतर बायका वैशालीच्या दारात येऊन सासूबाईंकडून बोंबील साफ कसे करायचे ते शिकू लागल्या. एकमेकींची भाषा कोणालाच येत नव्हती, हातांनी चालायचं. मी चारोळीच्या झाडाखाली बसून चित्रं काढली. लहान मुलांना जीपची शिडी एवढी आवडली की दिवसभर टप रिकामं म्हणून नव्हतं.

परतायच्या सकाळी मी गाडी तयार केली. सुखदेवच्या वडिलांनी टपावर मोहाच्या तेलाचा डबा आणि चारोळ्यांची पिशवी बांधली. सासूबाई बाहेर आल्या, हातात पिशवी नव्हती.

"आई, सामान?"

"मी हितंच रातंय," त्या म्हणाल्या. "पावसाच्या आदी लगीन लावून टाकू. नंतर नाल्याला पूर येतो, वऱ्हाड कसं येनार? तू जा, घरच्यांना सांग."

"पण एकट्या..."

"एकटी कशी? पोरगी हाय, जावय हाय, ही इहीण गुडगा चोलते. जा तू."

त्या मोठ्या गाडीतून मी एकटीच परत आले. वाटेत रडले थोडी, गाणी म्हटली, आणि लिंबाखालच्या ढाब्यावर पुन्हा शेवभाजी खाल्ली. यावेळी मालकाने गाडी दारात लावू दिली.

आता लग्नाची तारीख ठरली आहे. प्रशांतला रजा मिळाली. करंजाहून दोन गाड्या निघणार आहेत. परवा सासूबाईंचा फोन आला, रेंजसाठी टेकडीवर चढल्या होत्या, धापा टाकत होत्या. कोणाला बोलवायचं ते सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "सुजाता, धक्क्यावरनं एक कॅन समुद्राचं पानी भरून आन. हलदीची आंगोल पोरीला त्याच पान्याची घालायची हाय."

काल भरतीच्या वेळी आम्ही दोघं करंजाच्या धक्क्यावर गेलो. प्रशांत पायऱ्यांवर वाकून कॅन भरत होता. होडीवरच्या एका ओळखीच्या बाईने हटकलं, समुद्राचं पाणी कुठं नेताय म्हणून.

"मेळघाटात," तो म्हणाला. "बहिणीच्या सासरी."